१९९३ ची मारुती ८००: सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, भाऊबीजेच्या आत चालू व्हायला हवी

पोफळीची_वाडी (वसुबारस, रात्री)

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावतो, कारण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. बाबांची १९९३ ची मारुती ८०० आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली, डेल्कोत (ठिणगी प्लगांना वाटणारा डबा) पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे संपर्क, चोक हाताने ओढायचा. गाव वेळणेश्वर, घरातून समुद्राची गाज ऐकू येते इतकं जवळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी गोठ्याच्या पडवीत उभी केली, वर ताडपत्री टाकली, ती थेट परवा मी डोंबिवलीहून आल्यावर काढली. सेल्फ मारला की फिरतो, थोडा जड फिरतो पण फिरतो, इंजिन मात्र उचलत नाही. एकदाही फट् सुद्धा नाही.

आतापर्यंत बॅटरी नवीन आणली, तीनही प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर झटकला (आत पालीची अंडी होती, टोपी नीट बसली नव्हती बहुतेक). जवळच्या एका गॅरेजवाल्याने येऊन प्लग काढून बघितले तर ओलेचिंब, पेट्रोलचा वास. तो म्हणाला कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, अख्खा बदलायला लागेल. गाडी मे महिन्यातच सकाळची कुरकुर करायला लागली होती, एक-दोनदा बाबांनी वरच्या आळीच्या उतारावर सोडून सेकंडला चालू केली होती, पण तेव्हा आंब्याची धावपळ, कोणी लक्ष दिलं नाही.

घाई अशासाठी की भाऊबीजेला बाबा याच गाडीने आत्याकडे मालगुंडला जातात. हेदवीवरून तवसाळ, तिथे गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे जयगडला उतरायचं आणि मग मालगुंड. बाबा ७४ चे, आत्या ८१ ची. मी म्हटलं या वर्षी दुसरी गाडी ठरवू, तर काही बोलले नाहीत, नुसते जाऊन बॉनेट पुसत बसले. चिपळूणला ओढून नेण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

नवी_मुंबईकर

तीस वर्षं उलटून गेलेली गाडी, भावा. दर ५ वर्षांनी पासिंगची धावपळ वेगळी. एकदा काय तो निर्णय घ्या आणि बाबांना एखादी चांगली सेकंड हॅण्ड घेऊन द्या, या वयात गाडी रस्त्यात बंद पडणं त्यांच्यासाठी बरं नाही. मनापासून सांगतोय.

आंबाघाट

जून ते ऑक्टोबर पेट्रोल टाकीत पडून आहे ना, मग आधी पेट्रोलकडे बघ. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी, चार महिने कोकणातला पाऊस, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि खाली उतरते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात, आणि पंप ओढतो तळाचंच. माझ्या मेहुण्याच्या जुन्या गाडीचं संगमेश्वरला असंच झालं होतं. प्लग बदलले, वायरी बदलल्या, शेवटी टाकी खोलली तर तळातून लिटरभर गढूळ निघालं.

एसी पंपाकडून (टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप) कार्बोरेटरला जाणारी नळी काढ, तोंड काचेच्या बाटलीत धर, सेल्फ मार. बाटली तासभर हलवू नको. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. आणि नळ्या बोटाने दाबून बघ, जुनं रबर इथेनॉलने फुगतं, चिरा पडतात.

वर्कशॉप_निवृत्त

मी ३१ वर्षं डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपात काढली आणि घरी स्वतःची ८०० वीस वर्षं वापरली, तेव्हा थोडं बोलतो.

पोफळी, आधी पैसे खर्च करणं थांबव. बॅटरी आणलीस, प्लग आणलेस, उद्या कार्बोरेटर आणशील, आणि कशाने काय झालं हे तुला कधीच कळणार नाही. पेट्रोल इंजिनाला हवा मिसळलेलं पेट्रोल लागतं, वेळेवर ठिणगी लागते, दाब लागतो. यातलं काय नाही ते आधी शोधायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

तुझे प्लग ओले आहेत, म्हणजे पेट्रोल वर येतंय हे नक्की. कमी असेल, जास्त असेल, पाणी असेल, पण येतंय. ओला प्लग बघून लोक थेट कार्बोरेटरवर जातात. अरे, ठिणगी नसेल तरी प्लग ओलाच होणार ना! जळलं नाही तर पेट्रोल जाणार कुठे? त्यात चोक ओढून दहा-दहा वेळा सेल्फ मारला असशील. ओला प्लग एवढंच सांगतो की आत जळत नाहीये. का जळत नाही ते तो सांगत नाही.

उद्या सकाळी एक प्लग काढ, पुसून कोरडा कर, त्याच्या वायरीत घाल आणि प्लगचं लोखंड इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवून ठेव. हाताने धरू नको. पेट्रोल सांडलेलं असेल तर पुसून वाळू दे, मगच. बाबांना सेल्फ मारायला सांग. ठिणगी निळी-पांढरी, जाडसर, चटचट आवाज करणारी हवी. बारीक पिवळट दिसली तर ती बाहेर दिसली तरी आत उपयोगाची नाही, दाबाखाली ठिणगीला उडी मारायला कितीतरी जास्त जोर लागतो. जे दिसेल ते लिही.

देवगडचो_झील

काका बरोबर सांगतत. पण एक माझापण आयक रे. आमच्या बापाशीची पद्मिनी होती. असाच पावसात उभी केलेली. प्लग झाले, कॉइल झाली, कायच नाय. तिसऱ्या दिसा भावान सायलेन्सरच्या नळयेत काठी घातल्यान तर आत कुंभारीण माशीन मातीचा घर बांधलेला, दगडासारख्या घट्ट. इंजिनाक श्वास सोडूक जागा नाय तर ता चालू कसा होतला? एक रुपयो खर्च नाय. तेव्हा आधी नळयेत काठी घालून बघ.

हर्णैची_पोर

झील दादाचं वाचून हसू आलं पण खरंच बघून घे रे, आमच्याकडे कुंभारीण कुलपाच्या भोकात पण घर करते.

मी हर्णै बंदरावरून दापोलीला मासे नेते, जुनी ओम्नी आहे, हेच इंजिन. दोन गोष्टी सांगते. उंदीर बघ. पावसात त्यांना कोरडी उबदार जागा लागते ती म्हणजे तुझं बॉनेट. वायर वरून धड दिसते आणि खालच्या बाजूने कुरतडलेली असते, बोट फिरवूनच कळतं. आणि कोणी येऊन म्हणालं की कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओत आणि सेल्फ मार, तर अजिबात करू नको. माझ्या भावाने केलं होतं, इंजिन उलटं फुसकलं आणि भडका वर आला. भुवया आणि उजवा हात. सहा महिने मुलगा मोटारीजवळ गेला नाही. बाबा जवळ उभे असतील तर त्यांना लांब ठेव.

नवी_मुंबईकर

पेट्रोल ओतण्याबद्दल पूर्ण सहमत. मी पाहिलंय जळताना.

पोफळीची_वाडी (धनत्रयोदशी, दुपारी)

सगळ्यांचे आभार. सकाळपासून लागलो होतो. सायलेन्सरमध्ये काठी घातली, मोकळा आहे (थोडी सुकलेली पानं निघाली). उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यामागे काथ्या आणि प्लास्टिक साठवलं होतं, पण वायरी सगळ्या बोटाने चाचपल्या, कुरतडलेलं काही नाही. बाटलीत पेट्रोल घेतलं, दोन तास ठेवलं, थर नाही, रंग थोडा पिवळसर पण स्वच्छ.

आता ठिणगी. आहे, पण बारीक, पिवळी, आणि तिसऱ्या सिलिंडरवर तर मध्येच गायब. सेल्फ मारताना आतून बाबा विचारत होते दिसते का, दिसते का, आणि मला हो म्हणावं की नाही तेच कळत नव्हतं.

आंबाघाट

थर नाही तर पेट्रोलबद्दल मी मागे सरकतो. तरी चार महिन्यांचं पेट्रोल काढून ताजं पाच लिटर घाल, त्यातली उडून जाणारी हलकी चीज निघून गेलेली असते, थंड इंजिनाला तीच लागते.

मीटर_रीडिंग

पिवळी ठिणगी म्हणजे कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा, ठिणगीचा जोर राखतो) नाहीतर पॉइंट. पॉइंटच्या तोंडावर पावसात करडी बुरशी धरते, झिरो नंबर पॉलिश पेपरने हलकेच पुसायचं आणि मग पेट्रोलच्या फडक्याने, कारण पेपरची पूड मध्ये राहिली तर परत तेच. गॅप ०.४ ते ०.५ मिमी. डेल्को कॅपच्या आत बारीक काळी रेघ दिसते का बघ, तडा असेल तर ओल धरते आणि करंट तिथूनच पळतो. कॉइल (बॅटरीचे बारा व्होल्ट ठिणगीसाठी चढवणारी) मीटरवर मोज, प्रायमरीला साधारण ३ ओहम यायला हवेत, मधे रेझिस्टन्स असलेल्या गाडीत दीड.

कंडेन्सर स्वस्त असतो, सरळ बदल.

वर्कशॉप_निवृत्त

पॉइंट साफ करायला माझी हरकत नाही, पण कंडेन्सर आत्ता बदलू नको. आधी एक परीक्षा कर, पाच मिनिटांची आहे.

डेल्कोची टोपी काढ. इंजिन पान्याने फिरवून पॉइंट मिटलेले येतील तिथे थांबव. कॉइलमधून टोपीच्या मधोमध येणारी जाड वायर आहे तिचं टोक लाकडी चिमट्याने धर आणि इंजिनाच्या धातूपासून ५-६ मिमी लांब ठेव. बाबांना फक्त चावी ऑन करायला सांग, सेल्फ मारायचा नाही. आता प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट हलकेच उघड. प्रत्येक वेळी उघडलास की वायरीच्या टोकातून ठिणगी उडली पाहिजे. तिचा रंग सांग. हात कोरडे ठेव, पायात स्लीपर घाल, झटका जोराचा बसतो.

पोफळीची_वाडी

काका!! निळी. जाड. चटाक आवाज येतो, बाबांना आत ऐकू गेला. पाच वेळा केलं, पाचही वेळा निळी. मग टोपी बसवून परत प्लग टेकवून सेल्फ मारला तर तीच मरतुकडी पिवळी. पॉइंट मी आधी साफ केले होते, गॅप फिलर गेजने ०.४५ ठेवला.

वर्कशॉप_निवृत्त

शाब्बास. म्हणजे कॉइल चांगली, कंडेन्सर चांगला, पॉइंट चांगले. कंडेन्सर खराब असता तर हाताने उघडतानाही पिवळीच आली असती आणि पॉइंटवर ठिणग्या दिसल्या असत्या. गाडीत ठिणगी बनते आहे, पण सेल्फ फिरत असताना कोणीतरी तिचा घास काढून घेतंय. आता सेल्फकडे बघायचं.

देवगडचो_झील

सेल्फच! मी म्हणतंय बुश गेलेत. बुश झिजले की आर्मेचर आत घासता, फिरता जड, आणि बॅटरी पिऊन टाकता. कॉइलक उरणार काय? सेल्फ उतरव, वायंडरकडे ने, दोन बुश आणि ब्रश, एका दिवसात काम.

आंबाघाट

किंवा नवीन बॅटरीच कमी क्षमतेची दिली असेल. लोक दुकानात पडून असलेली देतात.

मीटर_रीडिंग

किंवा अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसला इंजिनाशी जोडणारी वायर. पोफळी, मीटर आहे का? बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंत कंटिन्युइटी बघ. बीप वाजला तर अर्थिंग ठीक आहे, मग सेल्फ उतरव.

पोफळीची_वाडी

शेजाऱ्यांच्या मुलाकडे मीटर आहे. बीप वाजतो, अगदी खणखणीत. ०.० दाखवतोय. म्हणजे सेल्फ उतरवायचा का? खालचा बोल्ट गंजलाय, तुटला तर भाऊबीज गेलीच.

वर्कशॉप_निवृत्त

थांब. बोल्टला हात लावू नको.

बीपवर विश्वास ठेवायचा नाही, मीटरभाऊ, राग मानू नका. मीटर बीप वाजवायला चिमूटभर करंट सोडतो. जाड वायरीतल्या शंभर तारांपैकी तीन तारा शिल्लक असल्या तरी बीप वाजेल. सेल्फ ओढतो शंभरच्या घरात अँपिअर. शंभर अँपिअर असताना मधे नुसता ०.०४ ओहमचा अडथळा आला तरी ४ व्होल्ट तिथेच खल्लास, आणि ०.०४ ओहम तुमच्या मीटरवर शून्यच दिसणार. पाणंदीतून एक माणूस आरामात जातो, त्याच पाणंदीतून बैलगाडी काढायला गेलात की कळतं वाट किती अरुंद आहे. म्हणून सेल्फ फिरत असताना मोजायचं, नुसतं उभ्या गाडीवर नाही.

पोफळी, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव. कॉइलची मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूला बांध म्हणजे गाडी चालू होणार नाही, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक. आधी मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या शिशाच्या दोन खांबांवर, क्लॅम्पवर नाही, आणि सेल्फ पाच सेकंद. आकडा लिहून घे. मग एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या खरवडलेल्या धातूवर, परत सेल्फ. तो आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. पहिला आकडा ९ च्या खाली पडला तर बॅटरी किंवा सेल्फ, मी झीलच्या बाजूचा. पहिला आकडा वर राहिला आणि दुसरा मोठा आला तर सेल्फ उतरवायची गरजच नाही.

मीटर_रीडिंग

राग कसला, काका. पाणंद लक्षात राहील. माझ्याकडे लोडवर मोजायची सवय फक्त घरच्या वायरिंगला, गाडीला कधी केली नव्हती.

हर्णैची_पोर

मी श्वास रोखून वाचतेय.

पोफळीची_वाडी (नरकचतुर्दशी, पहाटे)

काल रात्री अंधार झाला म्हणून राहिलं होतं. आज अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं आणि बाबा म्हणाले चल, फराळ नंतर.

उभ्या गाडीवर बॅटरी १२.६. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ११.४. मायनस खांब ते इंजिन, सेल्फ मारताना, ३.९. दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा ४.१.

आणि काका, आणखी एक. बाबा सेल्फ मारून झाल्यावर खाली उतरले आणि म्हणाले, "हा चोक आज गरम कसा लागतो रे?" मी हात लावला तर चोकची मूठ कोमट आणि तिच्या मागची केबल चांगलीच गरम. इंजिन तर एकदाही चालू झालेलं नाही. हे काही महत्त्वाचं आहे का?

वर्कशॉप_निवृत्त

महत्त्वाचं? अरे, तुझ्या बाबांनी हात लावून आजार सांगितला. त्यांना माझा नमस्कार सांग.

सेल्फने ओढलेला करंट इंजिनाच्या धातूतून परत बॅटरीच्या मायनसला जायला हवा. तुझी ती जाड अर्थिंगची वायर जवळपास मेली आहे. मग करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, तिथून वाट नाही. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारं लोखंड आणखी काय आहे? चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. बिचारी ती बारीक तार सेल्फचा करंट वाहते आहे, म्हणून तापते. जास्त वेळ मारला असतास तर तिचं प्लास्टिक वितळून केबल आतच चिकटली असती.

आणि ठिणगी का मरते तेही यातच आहे. पॉइंट डेल्कोतून इंजिनाच्या धातूला जोडलेले, म्हणजे कॉइलचा करंटही परत जाणार इंजिनातूनच. सेल्फ फिरताना इंजिन मायनसच्या ४ व्होल्ट वर चढून बसलंय, कॉइलला ११ ऐवजी जेमतेम ७ मिळतात. हाताने पॉइंट उघडलेस तेव्हा सेल्फ बंद होता, म्हणून निळी.

आता वर जाऊन स्वतःची पहिली पोस्ट वाच. मे महिन्यात बाबांनी उतारावर सोडली आणि चालू झाली. उतारावर सेल्फ नाही, करंटचा ओढा नाही, कॉइलला पूर्ण बारा. उत्तर तिथेच होतं, माझंही लक्ष गेलं नाही.

जंपर केबल मिळव. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या जाड बोल्टला. प्लग काढून वाळव. कॉइलची वायर इंजिनाला बांधलेलीच ठेवून प्लगशिवाय सेल्फ मार म्हणजे आतलं साठलेलं पेट्रोल बाहेर येईल, ते पुसून घे, वाळू दे. मग प्लग बसव, कॉइलची वायर परत जागेवर लाव आणि चोक अर्धा ओढून बघ.

देवगडचो_झील

चोक गरम! काका, ह्या माका जन्मात सुचला नसता. सेल्फ उतरवूक सांगितलंय त्याबद्दल वाईट वाटू नको रे पोफळी.

पोफळीची_वाडी (नरकचतुर्दशी, सकाळी १० वाजता)

चालू झाली.

दुसऱ्या फेऱ्याला. सेल्फचा आवाजच बदलला, आधी घुर्र... घुर्र... होता तो एकदम झर्रकन फिरला, एकदा फट् झालं, पांढरा धूर आला आणि लागली. तीनही सिलिंडर. बाबा गाडीत बसून होते, ॲक्सिलरेटरवर पाय, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. आई पडवीतून ओरडली, आधी फराळाला या. मी हे टाईप करतोय तेव्हा गाडी मागे चालू आहे, तिचा आवाज ऐकायला पाहिजे होता तुम्ही.

हर्णैची_पोर

डोळ्यात पाणी आलं रे.

नवी_मुंबईकर

मनापासून अभिनंदन. विकून टाका म्हटलं होतं ते शब्द मागे घेतो. माझ्या वडिलांची ८०० आम्ही दहा वर्षांपूर्वी दिली, त्याच सुमारास त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी दिली म्हणून सोडलं की वयामुळे, कधी विचारलं नाही मी.

आंबाघाट

वायरीचं काय निघालं? फोटो नसेल तर वर्णन तरी कर.

पोफळीची_वाडी (नरकचतुर्दशी, संध्याकाळी)

वर्णन करतो, कारण बघून मलाच धक्का बसला. बॅटरीच्या मायनसवरून दोन वायरी निघतात, बारीक बॉडीला आणि जाड खाली गिअरबॉक्सच्या बोल्टला. जाड वायर वरून अगदी छान, काळं रबर मऊ, एकही चीर नाही. गिअरबॉक्सकडच्या लगजवळ (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) दाबली तर वाळू दाबल्यासारखी करकरली. ब्लेडने रबर चिरलं तर आतून हिरवी पूड सांडली. बोटभर लांब तुकड्यात तांबं असं नव्हतंच, दहा-बारा तारा धरून होत्या, बाकी भुकटी. मी वर चिरत गेलो, वीतभर अंतरावर तांबं काळं, आणि त्याच्याही वर गेल्यावर लाल चकचकीत.

वर्कशॉप_निवृत्त

खाऱ्या हवेत हेच होतं. लगच्या तोंडातून ओल शिरते आणि तारांमधून दिव्याच्या वातीसारखी वर चढत जाते. मिठामुळे ती ओल कधी पुरती सुकत नाही. रबर बाहेरून शाबूत म्हणून कोणाला संशय येत नाही.

नवी वायर घेताना बॅटरी केबलच मागून घे, निदान २५ चौ. मिमी. लग नुसता हातोडीने चेपू नको, दाबून मग झाळून घे, म्हणजे तोंडातून ओल शिरणार नाही. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत कर, घट्ट आवळ, आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली चोपड. तोंडावर हीट श्रिंकची नळी मिळाली तर उत्तम. जमल्यास इंजिनापासून बॉडीपर्यंत आणखी एक वायर टाक.

एक विसरू नको. इतके दिवस न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये गेलंय. काडी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर फेरीबोट गाठायच्या आधी ऑइल बदल, पातळ ऑइलवर लांब जाऊ नको.

पोफळीची_वाडी

वास आहे. उद्या लक्ष्मीपूजन, दुकानं दुपारपर्यंत उघडी असतील, शृंगारतळीला जाऊन ऑइल आणि केबल दोन्ही आणतो.

मीटर_रीडिंग

वायर बसवल्यावर परत तीच रीडिंग घेऊन इथे टाक, प्लीज. मला आकडा बघायचाय.

पोफळीची_वाडी (भाऊबीज, दुपारी)

मीटरभाऊ, ०.१८. तीनदा मोजला.

हे मालगुंडहून लिहितोय. तवसाळला फेरीबोटीसाठी पाऊण तास थांबलो, पाच गाड्या पुढे होत्या. बाबांनी मुद्दाम गाडी बंद केली, बोट आल्यावर सेल्फ मारला, पहिल्याच झटक्याला चालू. आणि मग चोकच्या मुठीवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. गार होती. आत्या दारात उभी होती, तिने लांबूनच आवाज ओळखला म्हणे, "नानाची गाडी आली" असं घरात ओरडली. काकांनो, तुमच्यासाठी एक करंजी बाजूला काढून ठेवली आहे तिने, मालगुंडला कधी आलात तर.

वर्कशॉप_निवृत्त

येतो. तुझ्या बाबांना भेटायला.

देवगडचो_झील

बरा झाला. आता माझो एक प्रश्न, पद्मिनीच्या चोकाची केबल आणि ८०० च्या केबलीत फरक असता काय? भावाक दाखवूचा आसा.

हर्णैची_पोर

काका, एक विचारायचं होतं, तीन दिवस विचारू की नको करत होते. माझ्या ओम्नीत माशांच्या क्रेटमधून खारं पाणी खाली गळतं, रोज. गणपतीनंतर सेल्फ जड फिरतोय, मी समजले बॅटरी. तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन सलग तीन वेळा सेल्फ मारला आणि चोकला हात लावला. गरम आहे. मीटर उद्या आणते, पहिली सुई खांबावर, क्लॅम्पवर नाही, बरोबर ना?

वर्कशॉप_निवृत्त

बरोबर. आणि तोपर्यंत सेल्फ मारू नको, पोरी.